उशिराची धडधड

मुरबाडच्या एसटी स्टँडबाहेर डंपर शेखरच्या इतक्या जवळून गेला की चाकाखालून उडालेली खडी त्याच्या पोटरीला लागली. पेपरवाल्याने "अहोऽ" म्हणून बोंब मारली, एका बाईने डोळे गच्च मिटून घेतले, आणि ज्याचा जीव जायचा होता तो शेखर मात्र पिशवी या हातातून त्या हातात घेत शांतपणे पलीकडे गेला. आत काही म्हणता काही हललं नाही. "काका, मरायचं होतं काय?" पेपरवाला म्हणाला. त्रेचाळिसाव्या वर्षी आपल्याला काका म्हणतात, याचंच शेखरला जास्त लागलं. तो शहापूरच्या गाडीत चढला, खिडकीशी बसला, सापगावचं तिकीट काढलं. शेजारच्या म्हाताऱ्याने शेंगांची पुडी पुढे केली, ती त्याने पथ्य आहे म्हणून हाताने मागे सारली. गाडी स्टँडमधून निघाली, बाजार मागे पडला, आणि तेव्हा कुठे छातीत ते सुरू झालं. आधी बारीक, मग मोठं, मग असं की शर्टाचं बटण हलताना दिसावं. डंपर एव्हाना कुठल्या कुठे गेला असेल आणि याची छाती आत्ता त्याला घाबरत होती. शेखरने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. चांगली पाच मिनिटं झाली होती.

याची त्याला आता सवय व्हायला हवी होती. दोन वर्षांपूर्वी, माघात, मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याचं स्वतःचं हृदय काढून तिथे दुसऱ्याचं बसवलं होतं. त्याचं स्वतःचं फुगून भोपळा झालं होतं आणि जोरही भोपळ्याइतकाच उरला होता. दुसरं कुणाचं, ते सांगत नाहीत. तसा नियमच आहे. तरी कुणीतरी बोलून गेलं, की मुलगा सव्वीस वर्षांचा होता, मोटारसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला आणि आईबापांनी होकार दिला. बस, एवढंच. शेखरचं शहापुरात पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान, त्यामुळे त्याने शुद्धीवर आल्यावर डॉक्टरीणबाईंना आपल्या भाषेत प्रश्न विचारले होते. बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. म्हणाल्या, नळ सगळे जोडलेत, पण वायरी जोडता येत नाहीत. मेंदूकडून येणाऱ्या शिरा कापल्या त्या कापल्या. "मग चालतंय कशावर?" "त्याचा स्वतःचा जनरेटर असतो हो. जरा जोरातच चालतो, मिनिटाला नव्वद-पंचाण्णव. फक्त तुम्ही घाबरलात, चिडलात, की त्याला लगेच कळणार नाही. निरोप रक्तातून जातो. चार-पाच मिनिटं धरा." "म्हणजे फोन बंद, पोस्ट चालू," शेखर म्हणाला होता, आणि बाई इतक्या हसल्या की नर्स बघायला आली. तेव्हा त्यालाही गंमत वाटली होती.

गंमत घरी आल्यावर संपली. माणसाचं सगळं छातीतच चालतं, हे त्याला छाती मुकी झाल्यावर समजलं. काळजात धस्स होतं, काळजाचा ठोका चुकतो, काळजाचं पाणी होतं. ही नुसती बोलायची रीत नव्हे, ती खरोखर होणारी गोष्ट आहे, आणि ती त्याला होईनाशी झाली. भीती डोक्यात यायची, एखादी पाटी वाचावी तशी. इथे घाबरावे. शेवटचा कडेलोट आई गेली तेव्हा झाला. दुकानात फोन आला, तो घरी आला, आईच्या पायाशी उभा राहिला आणि आत एकदम सामसूम. बायका रडत होत्या आणि मधूनच त्याच्याकडे बघत होत्या. "आय गेली नि कसा ढिम्म उबा हाय बग गो," हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग तो तिरडीचे बांबू आणायला मागच्या दारी गेला आणि तिथे, बांबूंच्या आडोशाला, ते आलं. गुडघे टेकून बसावं लागलं. तोंडात सदऱ्याची बाही कोंबून तो एकटाच हुंदके देत राहिला. ते कुणी पाहिलं नाही, आणि पुढे येऊन त्याने बांबू टाकले तेव्हा त्याचे डोळे पुन्हा कोरडे होते. त्या दिवसापासून आळीत एक गोष्ट पक्की झाली, की शेखर पूर्वीचा राहिला नाही. आणि खरं सांगायचं तर शेखरलाही रात्रंदिवस तेच वाटत असे. ज्याचं हे काळीज, तो पोरगा कदाचित आपल्या आईसाठी राखून ठेवत असेल, दुसऱ्याच्या आईसाठी त्याने का धावावं? मग स्वतःच्याच वेडेपणाची लाज वाटून तो आठ वाजताच्या गोळ्या मोजून हातावर घ्यायचा.

आज तो बायकोच्या, रुपालीच्या माहेरून, वैशाखऱ्याहून निघाला होता. मेव्हण्याच्या पोरीचं लग्न होतं, चार दिवस राहायचं ठरलं होतं, पण काल दामूआजाचा फोन आला. दामूआजा म्हणजे सापगावजवळच्या त्यांच्या वाडीतला सगळ्यांत म्हातारा माणूस, पंच्याऐंशीचा. "चंद्राबायची चिंच काल तोडली. सुकलेलं झाड, पडलं आसतं घरावर. बुंध्यात भोकं गावली रे. पाच. बोटाएवडी. उद्या देवळात बसू, तू ये." फोन ठेवून शेखर रात्रीच्या गोळ्या दुसऱ्यांदा मोजायला बसला. रुपालीने ते पाहिलं. सकाळी ती त्याच्या पिशवीत गोळ्यांचा डबा, उकळलेल्या पाण्याची बाटली, रुमाल भरत असताना खाली मान घालूनच म्हणाली, "तुमाला इचारलं तर म्हना, मला काय म्हाईत नाय." शेखरने विचारलं, "तुला काय म्हायती हाय?" ती म्हणाली, "भिंतीवरचं गिरमिट मीच पुसलं होतं. त्याला ओला भुसा होता." मग तिने डोळे वर केले. "झाड परत यायचं नाय. तुमी परत आलाव. मला येवडंच कळतं." बाहेर मांडवात हळदीची गाणी चालू होती. दोन वर्षं ही बाई हे पोटात घेऊन आपल्यासमोर ताट वाढत होती, हे कळल्यावरसुद्धा त्याच्या आत लगेच काही झालं नाही, आणि झालं तेव्हा तो एसटीची वाट बघत रस्त्यावर उभा होता.

चिंच चंद्राकाकीची. शेखरच्या सख्ख्या चुलत्याची ही बायको. चुलता जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि दोन घरांच्या मधोमध उभी असलेली चिंच हाच काय तो काकीचा गोतावळा. फाल्गुनात चिंचा उतरल्या की आळीतल्या बायका काकीच्या पडवीत जमायच्या, चिंचा फोडायच्या, चिंचोके काढायच्या, मीठ लावून गोळे वळायच्या. प्रत्येक घरी वर्षाचा गोळा जायचा. आणि आषाढात त्याच झाडावर बगळे यायचे. शंभर-दीडशे तरी. काटक्यांची घरटी करायचे, पिल्लं काढायचे, आणि खालचं अंगण चुना फासल्यागत पांढरं करून ठेवायचे. "माज्या म्हायेरवाशिनी आल्या," असं काकी म्हणायची, आणि पिल्लं उडेपर्यंत झाडाला कुणाला हात लावू द्यायची नाही. डोंगराच्या कडेला राहणारा सोमा ठाकर एकदा शेळ्यांना पाला काढायला चढला, तर तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, आणि तोही काही कमी नव्हता, त्याने तिची चौदावी पिढी काढली.

हॉस्पिटलातून घरी सोडताना एक कागद दिला होता. काय टाळायचं त्याची यादी. माती, भिजलेलं गवत, गोठा, कच्चं खाणं, पक्ष्यांची विष्ठा. रुपालीने तो कागद देव्हाऱ्याच्या बाजूला भिंतीला चिकटवला, आणि गणपतीला नमस्कार करता करता शेखरची नजर रोज ‘पक्ष्यांची विष्ठा’ या शब्दांवर जायला लागली. वैशाखात तो घरी आला तेव्हा झाड रिकामं होतं. आषाढात बगळे आले. ओट्यावर, कौलांवर, दोरीवरच्या कपड्यांवर. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, सुकलेल्या विष्ठेतून बुरशी धुळीबरोबर फुप्फुसात जाते, तुमच्यासारख्याला जपायला हवं. जपायचं म्हणजे काय करायचं? त्याने काकीला सांगितलं, आमच्या बाजूच्या फांद्या उतरव. काकी म्हणाली, "गरवार बाय बाळंतपनाला घरी आली, तिला मी भाईर काडू? दोन म्हैने कळ काड रे बाबा." दोन महिने! त्याच आठवड्यात त्याला ताप आला, हॉस्पिटलात धावले, साधी सर्दी निघाली. पण त्या दोन रात्री तो पलंगावर पडून मरणाला जितका भ्याला, तितका ऑपरेशनच्या आधीही भ्याला नव्हता. आधी मरण येणारच होतं. आता ते चुकलं होतं, आणि चुकलेलं मरण फार जवळून दिसतं.

मग आवणी सुरू झाली. आळीतली झाडून सगळी माणसं चिखलात, भाताची रोपं लावायला, रुपालीसुद्धा. शेखरला चिखल बंद. तोंडाला मास्क लावून तो एकटा ओट्यावर बसायचा, समोर चिंच. डोक्यावर पिल्लांचा कलकलाट. चौथ्या दिवशी भर दुपारी त्याने भिंतीवरचं बापाचं गिरमिट काढलं. भोकं पाडायचं मशीन त्याच्याकडे होतं, पण मशीनचा आवाज होतो. बुंध्याशी बसून तो दोन्ही हातांनी गिरमिट फिरवायला लागला. पहिलं भोक पडेपर्यंत छाती गप्प होती आणि त्याला वाटलं, बघ, याला मंजूर आहे. नंतर ओट्यावर येऊन बसल्यावर ती अशी धावत सुटली की दुसरं भोक दुसऱ्या दिवसावर टाकावं लागलं. पाच दिवसांत पाच भोकं. शेताच्या बांधासाठी आणलेलं तणनाशक शिल्लक होतं, ते कपाने ओतलं, वर ओली माती लिंपली. आपण कुणाला मारायला निघालोय असं त्याला एकदाही वाटलं नाही. आपण जगायला निघालोय, एवढंच वाटत होतं. त्या साली पिल्लं सुखरूप उडाली. दिवाळीपर्यंत पानं गळली, लोक म्हणाले रोग पडला. पुढच्या आषाढात बगळे आले, वाळलेल्या फांद्यांवर दोन दिवस नुसते बसून राहिले आणि निघून गेले. काकी ते दोन दिवस उंबऱ्यात बसून होती. "म्हायेर बुडालं रे त्यांचं," एवढंच ती शेखरला म्हणाली होती, आणि त्याला म्हणाली कारण समोर तोच होता.

गाडी किन्हवलीला थांबली, माणसं चढली-उतरली. छाती आता ठिकाणावर आली होती, आणि ती ठिकाणावर आली तसा शेखरच्या डोक्यात एक विचार आला. विचार वाईट होता आणि तो वाईट आहे हे त्याला तेव्हाच कळलं. देवळात आज छाती बघतील. वाडीची ही जुनी पद्धत. दोघांच्या बोलण्यात मेळ बसला नाही, की गावदेवीसमोरच्या सपाट धोंड्यावर माणसाला बसवायचं, सगळ्यांत म्हाताऱ्याने त्याच्या उघड्या छातीवर तळहात ठेवायचा, आधी नुसती छाती ऐकून घ्यायची, मग प्रश्न टाकायचा. तीनदा. खोटं बोलणाराची छाती उडते. दामूआजाच्या बापाच्या आधीपासून हे चालत आलं होतं, आणि कोर्टापेक्षा लवकर निकाल लागतो म्हणून शिकलेलेही त्याला मान देत. शेखर स्वतः त्या धोंड्यावर एकदा बसला होता, नऊ वर्षांचा असताना, चंद्राकाकीच्या खुराड्यातली अंडी चोरल्याबद्दल. दामूआजाने प्रश्न पुरता विचारायच्या आत त्याचं काळीज गावभर बोभाटा करून मोकळं झालं होतं. सगळे हसले होते, काकीसुद्धा; मग तिनेच त्याला एक अंडं उकडून दिलं होतं. ते काळीज भोळं होतं. ते आता नाही. कुठल्यातरी बाटलीत गेलं, नाहीतर जाळून टाकलं. आताचं पाच मिनिटं उशिराने बोलतं, आणि तीन प्रश्नांना दोन मिनिटंही पुष्कळ होतात. डंपरने त्याला हे आयतं शिकवलं होतं.

सापगावला उतरून तो वाडीत पोचला तेव्हा देवळापुढे वीस-पंचवीस माणसं बसली होती. वाटेत त्याने चिंचेच्या जागेकडे बघायचं टाळलं, तरी उजेड दिसलाच. त्याच्या ओट्यावर इतकं ऊन त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. देवळात चंद्राकाकी खांबाला टेकून बसली होती, आणि मधोमध सोमा ठाकर उभा होता. सोमा सुतारकामही करायचा, नांगर, खाटा, जी मिळतील ती कामं. त्याच्याकडे गिरमिट होतं, काकीशी भांडण होतं, आणि हातभट्टीची थोडी सवय होती. एवढं असल्यावर पुराव्याला आणखी काय लागतं? "बोटाएवडी भोकं, गिरमिटाचीच," कुणीतरी म्हणालं. "मंग सगल्या गिरमिटवाल्यांना धरा की," सोमा ओरडला. "मी चिंच कशाला मारू? माझी शेली काय सुका पाला खाते?" तरी त्याला धोंड्यावर बसवलं. दामूआजाने त्याच्या काळ्या, फासळ्या मोजाव्यात अशा छातीवर हात ठेवला. सोमा घामाने भिजला होता. सगळी वाडी एका बाजूला आणि तो एकटा एका बाजूला. कुणाची छाती स्वस्थ राहील? पहिल्याच प्रश्नाला आजाने हात उचलला आणि मान हलवली. "उडते." माणसांत कुजबूज झाली. शिक्षा काय, ती सगळ्यांना आधीच माहीत होती. बहिष्कार हा शब्द आता कुणी तोंडातून काढत नाही, त्याला कायदा आहे; समज द्यायची म्हणतात. म्हणजे सोमाच्या शेळ्यांनी वाडीच्या वाटेने रानात जायचं नाही आणि वाडीने त्याला काम सांगायचं नाही. दुसरी वाट नव्हतीच, आणि दुसरं कामही नव्हतं. सोमाला हे कळायला वेळ लागला नाही. तो धोंड्यावरून उठला आणि त्याची नजर फिरत फिरत शेखरवर आली.

"त्याला इचारा," सोमा म्हणाला. "झाड सुकलं त्या साली, आवणीच्या टायमाला आख्खा गाव श्यातात व्हता. हा येकटा ओट्यावर बसून आसायचा. मी झाडापाशी गेलो का, त्यानं पायलं आसंल. त्याचीच छाती बगा. शेखर खोटं नाय बोलनार. त्याच्यात दुसऱ्या पोराचं काळीज हाय, पुन्याईचं."

पुण्याईचं, हे सगळ्यांना पटलं. बायकांनी तर हातच जोडले. ज्याने मरताना स्वतःचं काळीज दिलं त्याच्याहून मोठा साक्षीदार कोण, असं काहीतरी कुणी बोललं, आणि शेखरच्या पायांना चालायला रस्ता मोकळा झाला. तो धोंड्यावर बसला. शर्टाची बटणं काढली. छातीवरचा गळ्यापासून पोटापर्यंतचा व्रण पाहून पुढच्या माणसांनी नजर खाली घातली. एवढा मोठा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दामूआजाचा तळहात खरखरीत होता आणि गार होता. आजाने बराच वेळ नुसतं ऐकलं. "जोरात चालतंय," तो म्हणाला. "असंच चालतं आजा," शेखर म्हणाला, "डॉक्टरनं सांगितलंय." आजाने ते मान्य केलं. मग विचारलं, "सोमाला झाडापाशी पायलंस?" शेखरला वाटलं, अजून वेळ आहे. मला काय म्हाईत नाय, असं म्हणता येईल, रुपालीने सांगितलंय तसं. त्यात खोटंही फारसं नाही. पण तसं म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल, आणि त्याच्या पुढचा. "पायलं," तो म्हणाला. शब्द तोंडातून गेला आणि तो आत कान लावून बसला, जसा दामूआजा बाहेरून बसला होता. नव्वद-पंचाण्णव. एक ठोका इकडचा तिकडे नाही. "त्याच्या हातात काय होतं?" "गिरमिट." स्वस्थ, सुरळीत, दुकानात नव्याने बांधलेली मोटार पहिल्यांदा चालू केल्यावर चालते तसं. "देवीसमोर सांगतोस?" "सांगतो." हे मी बोलतोय, तो नाही, असं शेखर मनात म्हणत होता. तोंड माझं, हात माझे, गिरमिट माझ्या बापाचं; त्याची फक्त छाती आहे, त्याला यातलं काही ठाऊक नाही. आणि तेवढ्यात त्याला उमगलं, की म्हणूनच तर लोक विश्वास ठेवताहेत. एका मेलेल्या पोराला त्याने धरून आणून धोंड्यावर बसवलं होतं आणि त्याच्याकडून खोटी साक्ष काढून घेतली होती. ज्याला ‘नाही’ म्हणायला वायरच ठेवली नव्हती त्याच्याकडून.

"थंड हाय," दामूआजाने हात उचलून सांगितलं. "खरं बोलतो."

 सोमा भांडेल, शिव्या देईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो नुसता शेखरकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात राग नव्हता. आपण दारू पिऊन असं काही केलं असेल आणि आपल्यालाच आठवत नसेल, असं काहीसं तो चाचपून बघत होता. मग तो पायरीवर जाऊन बसला आणि त्याने आपलं डोकं दोन्ही हातांत घेतलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते काय वेगळं असतं? पण म्हण आठवून काय उपयोग, चोर शर्टाची बटणं लावत होता. बैठक मोडली, माणसं सैल झाली, शेतांच्या, लग्नांच्या गोष्टी निघाल्या, काकीने घरून आणून ठेवलेली चहाची किटली पुढे केली. पुढच्या आठवड्यापासून वाट बंद, असं दोघं-तिघं आपसात ठरवत होते. शेखर सभामंडपाच्या कडेला उभा होता. त्याने घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. तीन मिनिटं झाली होती. आता निघावं. दोन मिनिटांत तो देवळामागच्या वळणाला पोचला असता, तिथे बांबू नाहीत पण करवंदीची जाळी आहे. जे काय यायचं ते तिथे येईल, कुणी बघणार नाही, आणि संध्याकाळच्या गाडीने तो वैशाखऱ्याला जाईल. रुपाली काही विचारणार नाही. ती ताट वाढेल.

"शेखर," चंद्राकाकी म्हणाली. ती त्याच्या शेजारी केव्हा येऊन उभी राहिली, त्याला कळलं नव्हतं. तिने पदराखालून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून त्याच्या हातात दिलं. "तुला आजारी मान्साला उगाच त्या धोंड्यावर बसवला. हा घे, रुपालीला दे. शेवटच्या वर्साचा गोळा हाय. काळा पडलाय, पन आंबट हाय आजून. येकच ऱ्हायला होता, तो तुमचा म्हनून ठेवलावता." तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि किटलीकडे गेली. गोळा जड होता, मिठाने चिकट. शेखरने तो नाकाशी नेला नाही, तरी वास आला. फाल्गुनातल्या पडवीचा, चिंचोक्यांच्या ढिगाचा, उकडलेल्या अंड्याचा, आईच्या हाताचा. आणि तेव्हाच ते आलं. आधी बारीक. मग मोठं. मग कानांत, दातांत, बोटांच्या टोकांत, गोळ्याच्या फडक्यापर्यंत. असं की त्याला वाटलं व्रण उसवेल. हे डंपरचं नव्हतं. आईच्या वेळचंही नव्हतं. ‘पायलं’ या शब्दाचं होतं हे, आणि ‘गिरमिट’चं, आणि ‘सांगतो’चं, सगळे निरोप एकदम पोचले होते, आणि जो पोरगा इतका वेळ गप्प बसला होता तो आता आतून दोन्ही हातांनी दार बडवत होता. शेखर कठड्याला धरून उभा राहिला. आजूबाजूला कुणाला काही दिसत नव्हतं. बशांचे आवाज चालू होते. दहा-पंधरा मिनिटं कळ काढली की हे ओसरतं, हेही त्याला ठाऊक होतं. पायरीवर सोमा अजून तसाच बसला होता, आणि त्याच्यासमोर ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

शेखरने गोळा पिशवीत टाकला नाही. तो तसाच हातात धरून माणसांमधून वाट काढत दामूआजापर्यंत गेला. दहा पावलं चालायला त्याला फार वेळ लागला. आजा बशीत ओतलेला चहा फुंकत होता. "काय रे, बरं नाय काय?" आजा म्हणाला, कारण शेखरचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेखर त्याच्यासमोर खाली बसला, त्याच्या हातातली बशी काढून बाजूला ठेवली, आत्ताच लावलेली बटणं पुन्हा उघडली, आणि म्हाताऱ्याचा तो खरखरीत तळहात घेऊन आपल्या छातीवर दाबून धरला. आजाने दचकून हात मागे घ्यायचा प्रयत्न केला. शेखरने सोडला नाही. मंडपातली बोलणी एक एक करून थांबली. किटली हातात घेऊन काकी वळून बघायला लागली. पायरीवरून सोमाने डोकं वर केलं.

"माझं उशिरा पोचतं, आजा," शेखर म्हणाला. "आता पोचलंय. आता परत इचारा."